गरोदरपणातील जेवणाची आखणी: भूक आणि गरज यांचा मेळ घालताना

गरोदरपणात जेवणाची आखणी अवघड होते ती एका विचित्र उलटसुलटीमुळे. पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या अवयवांची पायाभरणी होत असते आणि नेमका त्याच वेळी आईला अन्नाचा वाससुद्धा नकोसा होतो. शेवटच्या आठवड्यांत बाळाचे वजन झपाट्याने वाढते, आईची अन्नाची गरज सर्वांत जास्त असते आणि नेमके तेव्हाच वाढलेल्या गर्भाशयाचा जठरावर दाब आल्यामुळे चार घासांत पोट भरते. भूक आणि गरज या दोघी बराच काळ अशा एकमेकींच्या विरुद्ध दिशेने चालत असल्यामुळे नऊ महिन्यांसाठी भिंतीवर लावलेला एकच आहारतक्ता सहसा पहिल्या पंधरवड्यातच बाजूला पडतो. त्यात त्या स्त्रीचा काहीच दोष नसतो; तो तक्ताच तिच्या बदलत्या शरीराचा विचार न करता बनवलेला असतो.

म्हणून येथे एका आदर्श दिवसाचा नमुना देण्याऐवजी आखणीची रीत टप्प्याटप्प्याने मांडली आहे. तिचा पाया शक्यतो मूळ स्वरूपातल्या अन्नाचा आहे: कोंडा न काढलेली धान्ये, डाळी आणि कडधान्ये, भाज्या, अख्खी फळे, दूध-दही, अंडी, मासे, मांस, शेंगदाणे, सुकामेवा आणि तेलबिया. अशा अन्नातून जीवनसत्त्वे, खनिजे, तंतू आणि प्रथिने एकत्र मिळतात, तर गोड पेये, बिस्किटे आणि मैद्याचे पदार्थ यांतून उष्मांक मिळतात पण त्यांच्यासोबत फारसे काही येत नाही. गरोदरपणात उष्मांकांची गरज थोडी वाढते आणि लोह, फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व), आयोडीन यांची गरज त्या मानाने पुष्कळच वाढते, हे लक्षात घेतले की मूळ अन्नावर एवढा भर का, ते वेगळे सांगावे लागत नाही.

पहिली पायरी: आखणीपूर्वी स्वतःचे आकडे माहीत करून घ्या

आहार ठरवण्याआधी तपासणीतले पाच आकडे जवळ असावेत: गरोदरपणापूर्वीचे वजन आणि उंची, हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि रक्तदाब. थायरॉइडचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, पोटाची शस्त्रक्रिया किंवा जुळी बाळे असतील, तर पुढील सर्व सल्ला डॉक्टरांशी किंवा आहारतज्ज्ञांशी बोलूनच आपल्याला लागू करावा.

वजन किती वाढावे, याचे उत्तर सगळ्यांसाठी एक नसते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिलेले आणि आजही बऱ्याच ठिकाणी वापरले जाणारे मार्गदर्शन गरोदरपणापूर्वीच्या बीएमआयवर (किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आधारलेले आहे. बीएमआय १८.५पेक्षा कमी असेल तर एकूण १२.५ ते १८ किलो, १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५ किलो आणि ३० किंवा त्याहून जास्त असेल तर ५ ते ९ किलो वाढ अपेक्षित धरली जाते. हे आकडे एका बाळासाठी आहेत. त्यांचा उपयोग दिशा समजण्यापुरता करावा आणि रोज वजनकाट्यावर उभे राहू नये. आठवड्यातून एकदा सकाळी वजनाची नोंद केली तरी डॉक्टरांना पुरेशी माहिती मिळते. वजन जास्त असले तरी गरोदरपण हा वजन उतरवण्याचा काळ नव्हे. अशा वेळी जेवणाचे प्रमाण आवळण्यापेक्षा जेवणाचा दर्जा सुधारावा.

उष्मांकांच्या बाबतीत पहिल्या तिमाहीत जवळजवळ काहीच वाढ लागत नाही. दुसऱ्या तिमाहीत दिवसाला साधारण ३४० आणि तिसऱ्या तिमाहीत साधारण ४५० उष्मांक जास्त लागतात, असे सर्वसाधारण गणित आहे. ३४० उष्मांक म्हणजे एक केळे, एक कप दूध आणि मूठभर शेंगदाणे, इतकेच. दोन जिवांसाठी दुप्पट जेवावे हा आग्रह प्रेमापोटी होत असला, तरी या गणितात तो बसत नाही.

दुसरी पायरी: ताटातून जे पुरेसे मिळत नाही ते आधी मान्य करा

नैसर्गिक अन्नावर मनापासून विश्वास असणाऱ्या अनेक स्त्रिया गोळ्या टाळण्याकडे झुकतात. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे, परंतु येथे मला स्पष्टच सांगावेसे वाटते: उत्तम आहार आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांच्यात निवड करायची नसते, दोन्ही लागतात.

सर्वांत ठळक उदाहरण फॉलिक ॲसिडचे, म्हणजे गोळीतल्या फोलेटचे आहे. ज्या नलिकेपासून बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू घडतो ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत हे काम बहुधा पूर्ण होत आलेले असते. म्हणून गर्भधारणेचा विचार सुरू झाल्यापासून ते निदान १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, असे सांगितले जाते. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधीच्या बाळात ही नलिका नीट बंद न झाल्याचा दोष आढळलेल्या स्त्रियांनी जास्त मात्रेत फॉलिक ॲसिड घेतल्यावर तो पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसले. अन्नातील फोलेट शिजवताना बरेच नष्ट होते आणि शरीरात गोळीइतके सहज शोषलेही जात नाही; म्हणून पालेभाज्या आणि डाळी भरपूर खाऊनही ही गोळी सोडू नये. आधीच्या बाळात दोष असेल, स्वतःला मधुमेह असेल किंवा अपस्माराची औषधे चालू असतील, तर मात्रा वेगळी लागू शकते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

लोहाची गोळीही अशीच आवश्यक ठरते. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोहाची शिफारस करते. आयोडीनची रोजची गरज सुमारे २५० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढते. आयोडीनयुक्त मीठ हा त्यासाठी सर्वांत सोपा मार्ग असल्यामुळे, ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पण आयोडीन नसलेल्या मिठाकडे या काळात वळू नये. ब१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून खात्रीने मिळत नाही, त्यामुळे पूर्ण शाकाहारी स्त्रीने, विशेषतः दूधही न घेणाऱ्या स्त्रीने, त्याची गोळी घेणे गरजेचे आहे. ड जीवनसत्त्वाबद्दल तपासणी करून विचारून घ्यावे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्राणिजन्य अ जीवनसत्त्व, म्हणजे रेटिनॉल, जास्त झाल्यास गर्भाला अपाय होतो. दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. यकृतात ते फार मोठ्या प्रमाणावर असते, म्हणून यकृत आणि माशाच्या यकृताचे तेल या काळात टाळावे. गाजर, भोपळा, रताळे यांतील केसरी रंगद्रव्याचे शरीर गरजेपुरतेच अ जीवनसत्त्वात रूपांतर करते, त्यामुळे त्यांच्याबद्दल ही भीती नाही. दोन वेगवेगळ्या बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्या एकाच वेळी स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत, त्याचे हेही एक कारण आहे.

तिसरी पायरी: ताट प्रथिनांपासून भरायला घ्या

बहुतेक घरांत जेवणाचा विचार धान्यापासून सुरू होतो: आज भात की पोळी, आणि मग त्याच्या सोबतीला काय. गरोदरपणापुरता हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. आधी प्रथिनाचा पदार्थ ठरवावा, मग भाजी आणि शेवटी धान्य. धान्याची आठवण कोणालाही करून द्यावी लागत नाही, डाळीची आणि भाजीची मात्र करून द्यावी लागते.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात प्रथिनांची गरज शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १.१ ग्रॅम धरली जाते. ६० किलो वजनाच्या स्त्रीसाठी हा हिशेब ६६ ग्रॅमच्या आसपास येतो. एक कप, म्हणजे सुमारे २४० मिलिलीटर दुधातून ८ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, कपभर शिजवलेल्या घट्ट डाळीतून १७ ते १८ ग्रॅम, २०० ग्रॅम दह्यातून सुमारे ७ ग्रॅम आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. ही बेरीज पन्नाशीच्या थोडी पुढे जाते आणि उरलेले १५ ग्रॅम दिवसभराच्या धान्यातून सहज येतात. अंडी खात नसल्यास त्यांच्या जागी आणखी एक कप शिजवलेले हरभरे घेतले, तरी गणित जुळते. मासे किंवा कोंबडी खाणाऱ्या स्त्रीला १०० ग्रॅम शिजवलेल्या तुकड्यातून २० ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. डाळीचे प्रमाण मोजताना मात्र पातळ पाण्याची वाटी धरू नये. प्रथिने डाळीच्या दाण्यात असतात, वरच्या पाण्यात नाहीत.

प्रथिनांचा भाग ताटाचा साधारण पाव असावा, अर्धे ताट भाज्यांनी आणि फळांनी भरावे आणि उरलेला पाव भाग कोंड्यासकटच्या धान्याला द्यावा. तेल किंवा तूप प्रमाणात घ्यावेच, कारण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांसोबतच शोषली जातात आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठीही स्निग्धांश लागतो. भाज्यांच्या अर्ध्या भागात रोज एक गडद हिरवी आणि एक केसरी किंवा लाल भाजी असावी, एवढा एक नियम पाळला तरी वेगवेगळ्या जीवनसत्त्वांचा स्वतंत्र हिशेब ठेवण्याची गरज बरीच कमी होते. फळे अख्खी खावीत. रस काढताना बहुतेक तंतू मागे राहतात आणि तीन-चार फळांची साखर एका पेल्यात पोटात जाते.

अंड्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. कोलीन हा घटक बाळाच्या मेंदूच्या घडणीत महत्त्वाचा आहे, त्याची गरोदरपणातली रोजची गरज ४५० मिलिग्रॅम मानली जाते आणि एका मोठ्या अंड्यातून त्यातले सुमारे १५० मिलिग्रॅम मिळते, पण ते जवळजवळ सगळे पिवळ्या बलकात असते. बलक काढून नुसता पांढरा भाग खाल्ला की नेमकी हीच गोष्ट टाकून दिली जाते. अंडी न खाणाऱ्यांनी सोयाबीन, राजमा, फुलकोबी आणि दूध यांतून थोडे थोडे कोलीन मिळवावे.

चौथी पायरी: लोहासाठी पदार्थांच्या जोड्या लावा

लोहावर मी सर्वांत जास्त शब्द खर्च करणार आहे, कारण येथे आहाराची आखणी खरोखर फरक घडवते आणि येथेच सर्वाधिक गफलत होते. गरोदरपणात आईच्या रक्ताचे एकूण प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढते. शिवाय बाळ आणि वार यांना लोह पुरवावे लागते. संपूर्ण गरोदरपणात मिळून सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते आणि आहारातून रोज घ्यायच्या लोहाचे प्रमाण २७ मिलिग्रॅम सांगितले जाते. हिमोग्लोबिन पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत ११ आणि दुसऱ्या तिमाहीत १०.५ ग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली गेले, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. थकवा, दम लागणे, चेहरा फिका पडणे ही त्याची लक्षणे गरोदरपणाचीच समजून सोडून दिली जातात. माती, खडू किंवा बर्फ खाण्याची तीव्र इच्छा होणे हेही अनेकदा लोह कमी असल्याचे लक्षण असते. डोहाळे म्हणून त्याचे कौतुक करत न बसता ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

पदार्थात लोह किती आहे एवढेच पाहून भागत नाही. त्यातले किती शोषले जाते हे त्याच्यासोबत काय खाल्ले यावर अवलंबून असते. मांस आणि मासे यांतील लोह सहज शोषले जाते. डाळी, कडधान्ये, पालेभाज्या, तीळ आणि धान्ये यांतील लोह शोषले जाणे अवघड असते, पण क जीवनसत्त्व सोबत असेल तर हे शोषण लक्षणीय वाढते. म्हणून डाळीवर लिंबू पिळणे, कडधान्याच्या उसळीसोबत टोमॅटो किंवा ढोबळी मिरची खाणे, जेवणानंतर पेरू किंवा संत्रे खाणे, ही जोडी दर जेवणात लावावी. लिंबू आच बंद केल्यावर पिळावे, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते.

उलट परिणाम चहा-कॉफीचा होतो. त्यांतील पॉलिफेनॉल लोहाला बांधून ठेवतात, म्हणून जेवण आणि चहा यांत दोन्ही बाजूंनी किमान तासाभराचे अंतर ठेवावे. कॅल्शियमही लोहाच्या शोषणात अडथळा आणते. त्यामुळे लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी वेगवेगळ्या वेळी घ्यावी आणि लोहाची गोळी दुधासोबत कधीही घेऊ नये. या एका चुकीमुळे गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन अपेक्षेइतके न वाढण्याची शक्यता असते.

कडधान्ये आणि धान्यांतील फायटेट हा लोहाला बांधून ठेवणारा घटक म्हणजे तिसरा अडथळा, तो स्वयंपाकघरातच कमी करता येतो. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे या तिन्ही क्रियांनी फायटेट कमी होते. कडधान्ये रात्री भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि मोड आले की ती नीट शिजवून खावीत. कच्चे मोड या काळात टाळावेत, त्याचे कारण पुढे आले आहे. लोखंडी कढईत टोमॅटो, लिंबू किंवा चिंच घालून केलेल्या पदार्थात कढईतले थोडे लोह उतरते, हाही उपयोगी आधार आहे.

लोहाच्या गोळीने मळमळ किंवा बद्धकोष्ठता झाली की ती गुपचूप बंद केली जाते. तसे न करता डॉक्टरांना सांगावे. वेळ, मात्रा किंवा गोळीचा प्रकार बदलता येतो. शौचाचा रंग काळपट होणे मात्र अपेक्षितच असते.

कॅल्शियम आणि माशांतील स्निग्धाम्ले

कॅल्शियमची गरज रोज १००० मिलिग्रॅमच्या आसपास असते. एका कप दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळते. उरलेले दही, तीळ, नाचणी, काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे आणि पालेभाज्या यांतून मिळवावे. पालकात कॅल्शियम असले तरी त्यातील ऑक्झॅलेटमुळे ते फारसे शोषले जात नाही, त्यामुळे कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नये. ज्या समाजांत आहारातील कॅल्शियम कमी पडते तेथे जागतिक आरोग्य संघटना रोज १.५ ते २ ग्रॅम कॅल्शियमची गोळी सुचवते, कारण त्यामुळे गरोदरपणातील रक्तदाबाच्या गंभीर विकाराचा धोका कमी होतो.

बाळाच्या मेंदूसाठी आणि डोळ्यांसाठी लागणारे डीएचए हे स्निग्धाम्ल मुख्यतः माशांत असते. आठवड्यातून दोन ते तीन वेळा, एकूण २२५ ते ३४० ग्रॅम, कमी पारा असलेले मासे खावेत. तारली आणि सालमन यासाठी चांगले. शार्क, तलवारमासा, मार्लिन आणि किंग मॅकरेल या मोठ्या शिकारी माशांत पारा साठलेला असतो, म्हणून ते टाळावेत. जवस आणि अक्रोड यांतील स्निग्धाम्लाचे शरीरात डीएचएमध्ये फारच थोडे रूपांतर होते. शाकाहारी स्त्रीने शैवालापासून बनवलेल्या डीएचएबद्दल डॉक्टरांना विचारावे.

पाचवी पायरी: तीन टप्प्यांसाठी तीन वेगळ्या योजना ठेवा

पहिल्या टप्प्यात, म्हणजे मळमळीच्या आठवड्यांत, समतोलाचा आग्रह काही काळ सैल सोडावा. मळमळ बहुधा नवव्या आठवड्याच्या आधी सुरू होते आणि अनेकींच्या बाबतीत सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत ओसरते. या काळात पोट पूर्ण रिकामे ठेवू नये, दर दोन-तीन तासांनी थोडे खावे, उशाशी कोरडे काहीतरी ठेवून अंथरुणातून उठण्यापूर्वी दोन घास खावेत आणि पाणी जेवणासोबत न पिता मध्ये मध्ये घोट घोट प्यावे. गार किंवा कोमट अन्नाचा वास कमी येतो, म्हणून गरम जेवण नको वाटल्यास दहीभात, उकडलेली अंडी, फळे असे पदार्थ पचतात. आल्याने काहींना आराम पडतो. स्वयंपाकाचा वास सहन होत नसेल, तर काही आठवडे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी तो पूर्णपणे हाती घ्यावा. ही चैन नाही, आखणीचाच भाग आहे. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी फार कमी किंवा गडद होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर घरगुती उपाय करत न थांबता लगेच डॉक्टरांकडे जावे.

दुसरा टप्पा सर्वांत अनुकूल असतो. भूक परतते, चव परतते आणि लोह, प्रथिने, कॅल्शियम यांचा साठा वाढवण्याची हीच वेळ असते. साधारण २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान गरोदरपणातील मधुमेहाची तपासणी होते. साखर वाढलेली निघाली तरी घाबरून धान्य पूर्ण बंद करू नये. धान्याचे प्रमाण दिवसभरात विभागून घ्यावे, प्रत्येक वेळी त्यासोबत प्रथिने आणि भाजी असावी, गोड पेये बंद करावीत आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. नुसते केळे किंवा नुसता भात खाण्यापेक्षा केळ्यासोबत शेंगदाणे आणि भातासोबत घट्ट डाळ घेतली, की साखर सावकाश चढते.

तिसऱ्या टप्प्यात तीन मोठ्या जेवणांचे सहा छोट्या जेवणांत विभाजन करावे. वाढलेल्या संप्रेरकांमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, त्यामुळे छातीत जळजळ होते; रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी घ्यावे आणि तळलेले व फार तिखट कमी करावे. याच संप्रेरकांनी आतडी मंदावतात आणि लोहाची गोळी त्यात भर घालते. तंतूंचे रोजचे उद्दिष्ट सुमारे २८ ग्रॅमचे असते. ते गाठताना पाणीही वाढवावे, नाहीतर बद्धकोष्ठता उलट वाढते. दिवसभरात आठ ते दहा पेले पाणी हे साधारण प्रमाण धरावे आणि लघवीचा फिकट पिवळा रंग ही त्याची घरगुती खूण मानावी. पोटात जागा कमी असल्यामुळे या टप्प्यात थोड्या घासांत जास्त पोषण देणारे पदार्थ निवडावेत: पातळ सारापेक्षा घट्ट डाळ, मुरमुऱ्यांपेक्षा शेंगदाणे, फळांच्या रसापेक्षा दह्यात कापलेले फळ.

सहावी पायरी: आठवडा आखा, दिवस नव्हे

रोजचा प्रत्येक घटक रोजच पूर्ण झाला पाहिजे, असा हट्ट धरला की आखणी मोडते. शरीर बहुतेक घटक काही दिवसांच्या सरासरीवर चालवते, म्हणून हिशेब आठवड्याचा ठेवावा. सुट्टीच्या दिवशी एका कागदावर सात दुपारी आणि सात रात्री लिहाव्यात. प्रत्येक जागी आधी फक्त प्रथिनाचा पदार्थ लिहावा: चार वेळा डाळ, चार वेळा वेगवेगळी कडधान्ये, दोन-तीन वेळा मासे किंवा सोयाबीन, बाकी वेळा अंडी, कोंबडी किंवा पनीर. दुसऱ्या फेरीत प्रत्येकासमोर भाजी लिहावी आणि त्यांत निदान पाच वेळा पालेभाजी येते का, ते पाहावे. तिसऱ्या फेरीत धान्य लिहावे आणि शेवटी लिंबू, टोमॅटो, पेरू अशी क जीवनसत्त्वाची जोडी. बाजाराची यादी या कागदावरूनच करावी, म्हणजे आणलेले पडून राहत नाही.

या कागदाच्या तळाशी दोन ‘वाईट दिवसांची’ जेवणे लिहून ठेवावीत, जी पंधरा मिनिटांत होतात आणि जवळजवळ कोणत्याही अवस्थेत घशाखाली उतरतात: उदाहरणार्थ डाळ-तांदूळ आणि भाजी एकत्र शिजवलेली मऊ खिचडी, किंवा ओट्स, दूध, केळे आणि तिळाची पूड. असे दिवस येणारच आहेत. त्यांची सोय आधी केलेली असली, की बिस्किटांच्या पुड्याकडे हात जात नाही.

सातवी पायरी: अन्न सुरक्षित ठेवा

गरोदरपणात प्रतिकारशक्तीत होणाऱ्या बदलांमुळे लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दहापट असते. आईला साध्या तापासारखे वाटणारे हे दुखणे गर्भपातापर्यंत जाऊ शकते आणि हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. म्हणून न तापवलेले किंवा पाश्चरीकरण न केलेले दूध आणि त्याचे मऊ चीज टाळावे. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे, फ्रिज ४ अंश सेल्सियसवर किंवा त्याखाली असावा, अन्न तीन-चार दिवसांत संपवावे आणि खाताना वाफ येईपर्यंत पूर्ण गरम करावे. अर्धकच्ची अंडी आणि कच्चे मांस-मासे वर्ज्य समजावेत. कच्च्या मोडांमध्ये, दमट आणि उबदार वातावरणामुळे, जिवाणू दाण्याच्या आतपर्यंत शिरतात आणि धुऊन निघत नाहीत, म्हणून मोड नेहमी शिजवावेत. पालेभाज्या आणि सॅलडच्या भाज्या वाहत्या पाण्याखाली पान-पान सुटे करून धुवाव्यात, कारण मातीतून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचाही गर्भाला धोका असतो.

कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. साधारणतः दोन लहान कप कॉफी किंवा तीन-चार कप चहा. मद्याचे कोणतेही प्रमाण गरोदरपणात सुरक्षित ठरलेले नाही, त्यामुळे ते पूर्ण बंद करावे. वनौषधींचे काढे आणि चूर्णे ‘नैसर्गिक’ असली तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. शेंगदाणे, अंडी, दूध यांची आईला स्वतःला ॲलर्जी नसेल, तर बाळाला ॲलर्जी होऊ नये या हेतूने ते बंद करण्याची गरज नाही.

शेवटच्या महिन्यातील तयारी

आठव्या-नवव्या महिन्यात आखणीचा कागद बाळंतपणानंतरच्या आठवड्यांपर्यंत वाढवावा. स्तनपानाच्या काळात उष्मांकांची गरज गरोदरपणाइतकीच किंवा त्याहून थोडी जास्त असते आणि प्रसूतीत झालेला रक्तस्राव भरून काढण्यासाठी लोहाची गोळी पुढेही काही आठवडे चालू ठेवावी लागते. ती कधी थांबवायची, हे प्रसूतीनंतरच्या पहिल्या तपासणीत विचारून घ्यावे. फ्रीजर असल्यास घट्ट डाळ आणि शिजवलेली कडधान्ये एकेका जेवणापुरत्या डब्यांत तारीख लिहून गोठवावीत. शेंगदाणे आणि तीळ भाजून हवाबंद डब्यात भरून ठेवावेत, आणि बाळाला पाजायला जिथे बसायचे, तिथेच पाण्याची बाटली आणि एका हाताने उघडता येईल असा खाऊचा डबा ठेवावा, कारण त्या दिवसांत दुसरा हात रिकामा नसतो.